आलेच हं!

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. घड्याळात १२ वाजून २९ मिनिटे झाली होती आणि माझी नऊ वर्षांची लेक एका हातात स्टीलचा पेला, दुसऱ्या हातात खडू घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "आई, चल ना. दोनच मिनिटं राहिलीत." गॅसवर कुरडईच्या चिकाचा दुसरा घाणा होता. ज्यांनी तो कधी घोटला आहे त्यांना वेगळे सांगायला नको, की उकळत्या पाण्यात चीक ओतला की तो शिजून काचेसारखा दिसू लागेपर्यंत हात थांबवता येत नाही. हात थांबला की गुठळी होते आणि गुठळी झाली की कुरडई सोऱ्यातून तुटत तुटत पडते. त्यातून त्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे आई साताऱ्याहून आली नव्हती आणि सगळे वाळवण मी पहिल्यांदाच एकटीने करायला घेतले होते. मी दोन्ही हातांनी लाटणे फिरवत होते, कपाळावरचा घाम दंडाला पुसत होते, आणि मान न वळवताच म्हणाले, "आलेच हं. तू हो पुढे." ती पुढे झाली. जिन्यात तिच्या चपलांचा फटफट आवाज दोन मजले वर गेला आणि गच्चीच्या लोखंडी दाराची कडी वाजली.

मी वर निघाले तेव्हा १२ वाजून ४० मिनिटे होऊन गेली होती. ती जिन्यातच भेटली. चेहरा उन्हाने लाल झालेला, नाकावर खडूचा पांढरा ठिपका. "झाली?" मी विचारले. "हो," ती म्हणाली, "गेली पण आणि परत आली पण." रुसवा नव्हता, तक्रार नव्हती. घरात येऊन तिने त्याच पेल्यात माठातले पाणी घेतले, घटाघटा प्यायले, पेला ओट्यावर उपडा ठेवला आणि ती पुस्तक घेऊन खिडकीत जाऊन बसली.

रडली असती तर बरे झाले असते.

गोष्ट सावलीची होती. आठ दिवस घरात दुसरा विषय नव्हता. सूर्य रोज दुपारी डोक्यावर येतो ही माझी चाळिशीपर्यंतची समजूत तिने पहिल्याच दिवशी मोडीत काढली होती. तो अगदी बरोबर डोक्यावर वर्षातून दोनदाच येतो, तेही कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या पट्ट्यात राहणाऱ्यांच्याच. दिल्लीकरांच्या नशिबी हा योग एकदाही नाही, हे सांगताना तिच्या आवाजात अस्सल पुणेरी समाधान होते. कोल्हापुरात तो मेच्या पहिल्या आठवड्यात येऊन जातो, पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास, नागपूरला महिना सरता सरता. त्या क्षणी सरळ उभ्या असलेल्या वस्तूची सावली तिच्या बुडाखाली शिरते आणि नाहीशी होते. आणि हे बाराला न होता १२ वाजून ३१ मिनिटांनी का, तर आपल्या भिंतीवरचे घड्याळ पुण्याचे नाहीच. ते मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशाचे आहे, आपण त्याच्या साडेआठ अंश पश्चिमेला आहोत, आणि दर अंशाला चार मिनिटांचा फरक पडतो. मे महिन्यात त्यातून तीन-चार मिनिटे वजा करायची, ती कशासाठी ते मला तेव्हाही नीट कळले नव्हते. "म्हणजे आई, आपले बारा साडेबाराला वाजतात," असे तिने या सगळ्याचे तात्पर्य सांगितले होते. मी पोट धरून हसले होते. पण हसतानाही पोळी उलटत होते, हे आता आठवते.

त्या दिवशी संध्याकाळी कुरडया गोळा करायला गच्चीवर गेले. अर्धवट वाळलेल्या कुरडया वरून टणक आणि पोटात ओल्या असतात, त्या उलटताना फार जपावे लागते. त्यामुळे मी वाकूनच होते आणि म्हणूनच ते मला दिसले. पाण्याच्या टाकीपासून दूर, जिथे कोणाचीच सावली मध्ये येणार नाही अशी जागा निवडून, तिने पेल्याभोवती खडूचे वर्तुळ काढले होते. शेजारी '१२.३१' असे लिहून त्याखाली दोनदा रेघ ओढली होती. आणि जरा बाजूला दोन फुल्या होत्या, नाटकाच्या तालमीत नटांनी कुठे उभे राहायचे ते दाखवायला करतात तशा. एका फुलीपाशी 'मी' लिहिले होते. दुसऱ्या फुलीपाशी 'आई'.

मी त्या फुलीवर उभी राहिले नाही. तसे काही करणे मला फारच नाटकी वाटले असते, शिवाय हातात परात होती. पण नंतर कितीतरी दिवस दोरीवर कपडे वाळत घालताना मी ती चुकवून चालत होते. जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत ती धुऊन गेली तेव्हा खरे सांगायचे तर सुटल्यासारखे वाटले.

दुसऱ्या दिवशी मी भरपाईचा प्रयत्न केला होता, हेही लिहायला हवे. मी रात्री जागून थोडे वाचले. त्या दिवसांत सूर्य रोज साधारण पाव अंशच उत्तरेकडे सरकतो, म्हणजे वीतभर उंचीच्या वस्तूच्या सावलीत एका दिवसाने मिलिमीटरभराचाही फरक पडत नाही. कालची सावली आजही जवळजवळ तशीच नाहीशी होणार होती. हा शोध मला इतका आवडला की मी सकाळीच सगळा स्वयंपाक उरकला, ऑफिसची मीटिंग पुढे ढकलली आणि सव्वाबारालाच पेला घेऊन तिच्यापुढे उभी राहिले. ती खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीबरोबर पत्ते कुटत होती. तिने माझ्याकडे पाहिले, माझ्या हातातल्या पेल्याकडे पाहिले आणि अतिशय प्रेमळपणे, मोठ्या माणसाने लहानाला सांगावे तसे म्हणाली, "तू बघ ना आई. मी काल पाहिली."

दाखवायची हौस कालची होती.

'आलेच' या शब्दाचा मी तेव्हापासून विचार करते आहे. व्याकरणाच्या पुस्तकात 'आले' हा भूतकाळ. जी क्रिया होऊन गेली तिच्यासाठी हे रूप. आणि आपण मराठी बायका ते अशा क्रियेसाठी वापरतो जी अजून झालेली नाही, लगेच होणार नाही, आणि पुष्कळदा होतच नाही. 'येईन' म्हटले तर कधी, असा प्रश्न येतो. 'येते' म्हटले तर निदान पाऊल उचलावे लागते. 'आलेच' म्हटले की आपण मनाने पोहोचलेल्याच असतो आणि शरीर ओट्यापाशी राहिले तरी चालते. वर तो 'हं' लावला की समोरच्याचे तोंड बंद. 'झालंच', 'देतेच', 'बसलेच' ही त्याचीच भावंडे. घरातल्या पुरुषांची यातून सुटका आहे असे नाही, पण त्यांचे 'आलोच' सहसा फोनच्या पडद्यामागून येते आणि त्याला चिकाचे निमित्त नसते. ही अर्थात माझी एकतर्फी नोंद आहे. त्या दुपारी बाबा ऑफिसात होता, म्हणून त्याला कोणी 'चल ना' म्हटले नाही आणि म्हणून त्याच्या खात्यावर ही चूकही जमा नाही. याचा मला थोडा रागच आला होता, आणि तो अन्यायाचा आहे हे कळूनही तो आठवडाभर टिकला.

माझी आई साताऱ्याच्या घरात 'आलेच हं' म्हणत असे ते मागच्या पडवीतून. पण तिच्या 'आलेच'ची मला कधी वाट पाहावी लागल्याचे आठवत नाही, आणि याचे कारण ती लगेच यायची हे नाही. ती येतच नसे. आम्हीच तिच्याकडे जात असू. वाळवणाच्या दिवसांत पहाटे चारला पितळी पातेले चुलीवर चढे. तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून आंबवलेल्या गव्हाचा तो आंबूस वास घरभर भरलेला असे, आणि आम्ही भावंडे डोळे चोळत चुलीभोवती बसत असू, कारण पहिल्या चिकाची वाटी आमची असे. गरम, चकचकीत, चमच्याला न सोडणारा चीक, त्यावर दूध आणि साखर. जीभ भाजल्याशिवाय तो खाल्ल्यासारखाच वाटत नसे. मग जुन्या धुतलेल्या लुगड्यावर कुरडया पडत, आणि कावळे हाकलायची नोकरी आम्हाला मिळे. हातात काठी, डोक्यावर ओला पंचा आणि पगार म्हणून ओल्या पापड्या. आई आमच्याशी खेळली असे मला एकही चित्र आठवत नाही. तिने कामे बाजूला ठेवून आम्हाला वेळ दिला असे तर मुळीच नाही; ही शब्दरचनाच तिला कळली नसती. कामालाच इतकी दारे होती की मूल कुठूनही आत शिरत असे. माझ्या वॉशिंग मशीनला, मिक्सरला, लॅपटॉपला तसे दार नाही. नऊ वर्षांच्या मुलीला मी एक्सेलच्या रकान्यात कुठे बसवू? कुरडया त्यातल्या त्यात जुन्या पद्धतीच्या, पण त्या दिवशी मी त्यांनाही कडी लावून घेतली होती. 'चटका बसेल, लांब हो,' हे मी तिला सकाळपासून तीनदा म्हणाले होते.

आईने हातातले काम सोडल्याची एकच आठवण माझ्याकडे आहे आणि तीही सूर्याचीच निघावी याची मला गंमत वाटते. २४ ऑक्टोबर १९९५ चे सूर्यग्रहण. आदल्या संध्याकाळी लक्ष्मीपूजन झालेले, दारात कालची रांगोळी, आणि सकाळी ग्रहण. खग्रास दिसणार होते ते तिकडे राजस्थानापासून बंगालपर्यंतच्या अरुंद पट्ट्यात. आमच्याकडे सूर्याचा लचका तेवढा तुटणार होता. पण आजीच्या लेखी लचका आणि घास यांत फरक नव्हता. चूल बंद. फराळाच्या डब्यांवर, दुधावर, लोणच्याच्या बरणीवर तुळशीची पाने. विळीला हात लावायचा नाही, काही चिरायचे नाही, शिजवायचे नाही, शिवायचे नाही. म्हणजे ऐन दिवाळीत, भर सकाळी, घरातल्या बायकांच्या हाताला काम नव्हते. आईला काय करावे ते समजेना. ती दोनदा स्वयंपाकघरात जाऊन रिकामीच बाहेर आली. मग 'पोरं उघड्यावर आहेत, बघून येते' असे आजीला सांगून ती मागच्या अंगणात आली. ऊन तोवर विचित्र फिकट झाले होते, जुन्या स्टीलवर पडल्यासारखे. आणि परसातल्या पेरूच्या झाडाखाली, पांढऱ्या चुन्याच्या भिंतीवर, शेकडो चंद्रकोरी थरथरत होत्या. पानांमधल्या प्रत्येक फटीने सूर्याची एकेक प्रतिमा भिंतीवर टाकली होती. रोज ते कवडसे गोल असतात, म्हणून आपण कधी त्यांच्याकडे पाहत नाही. मी ओरडले, "आई, तुझ्या पदरावर बघ!" आईने पदर पाहिला. मग तळहात पुढे केला आणि एक कोर तळहातावर घेतली. तिच्या मधल्या बोटाला आदल्या दिवशी चकल्या तळताना भाजल्याची खूण होती, कोर नेमकी त्यावर पडली होती. आम्ही किती वेळ तिथे होतो कोण जाणे. कोरी हळूहळू भरत गेल्या, जाड झाल्या, लिंबाच्या फोडीसारख्या झाल्या, आणि मग पुन्हा नेहमीचे गोल कवडसे. ग्रहण सुटले. आंघोळीचे पाणी तापू लागले आणि आई आत गेली, ती रात्री जेवणे झाल्यावरच पुन्हा दिसली.

हे सगळे मी मागच्या वर्षी सावलीच्या प्रकरणानंतर तिला फोनवर सांगितले. माझा आवाज थोडा भरून आला होता. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "मला नाही बाई आठवत. एवढं आठवतंय की ग्रहण सुटल्यावर नळाला पाणी नव्हतं."

मला आधी वाईट वाटले. मग वाटले, बरोबरच आहे. ती कोर मी तिला दाखवली होती, म्हणून ती माझ्याकडे राहिली. तिच्याकडे राहिले ते बंबाचे पाणी आणि मागे थांबलेली बारा माणसांची आंघोळ. माझ्या लेकीच्या आठवणीत त्या दुपारचे काय राहील याचा हिशेब मी मांडत बसते, पण तो मला मांडता येणार नाही हे या फोनवरून कळायला हवे होते. कदाचित तिला तापलेली गच्ची आठवेल, कदाचित नुसते पत्ते.

सकाळी सकाळी फोनवर गुलाबाच्या चित्रासकट जे संदेश येतात, की धुणीभांडी रोजचीच आहेत, मुले मात्र उद्या मोठी होतील, त्यांचा मला पूर्वीही कंटाळा होता आणि आता जास्तच आहे. ते लिहिणाऱ्याच्या घरी ओटा कोण पुसते हे त्यात कधी नसते. चीक खरेच थांबत नाही. तीन दिवस भिजलेले पाच किलो गहू वाया घालवायला मला तेव्हाही जमले नसते. तरीही एक गोष्ट मला खटकत राहते. कुरडया आता कोपऱ्यावरच्या बचत गटाच्या दुकानात पाकिटात मिळतात, चांगल्या मिळतात, आणि माझ्या घरात त्या वर्षभरात खाल्ल्या जातात जेमतेम चार वेळा. त्या दुपारी मी पोटासाठी राबत नव्हते. आईशिवाय माझे वाळवण जमते, हे मला आईला दाखवायचे होते. दोघींनाही त्या दुपारी काहीतरी दाखवायचेच होते. माझे प्रेक्षक साताऱ्यात होते आणि तिचा प्रेक्षक ओट्यापाशी.

पुण्याला सूर्य दुसऱ्यांदा डोक्यावर येतो तो जुलैच्या अखेरीस, आणि तेव्हा पुण्यात सूर्य कुठे असतो ते सांगायला नको. त्या दिवशी आम्ही छत्री घेऊन गच्चीच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो.

यंदा मेमध्ये आई आली. गुडघा बरा आहे, पण फार वेळ उभे राहवत नाही, म्हणून ती स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसून सूचना करत होती. पहिला घाणा सकाळीच गच्चीवर गेला. दुसरा घाणा नेमका त्याच वेळेला गॅसवर आला, कारण माणूस वर्षभरात फारसे सुधारत नाही. या वर्षी लेक दारात येऊन उभी राहिली नाही. ती पेला घेऊन सरळ दाराकडे चालली होती, चपला पायात सरकवत, आणि माझ्याकडे तिने पाहिलेही नाही. ते न पाहणे मला फार लागले. मी गॅस बंद केला. आई खुर्चीतून "अगं अगं, अगं चीक!" म्हणत राहिली, आणि मी लाटणे तसेच पातेल्यात उभे सोडून, हाताला चिकटलेल्या चिकासकट तिच्यामागे जिना चढले.

वर गेलो तर आभाळ दाटलेले. सकाळपासून लखलखणारे ऊन बरोबर सव्वाबाराला गेले होते आणि सगळी गच्ची एकसारख्या पांढुरक्या उजेडात पडली होती. कुरडयांवरच्या मलमलीची टोके वाऱ्याने उडत होती. लेकीने जागा शोधली, पेला ठेवला, भोवती वर्तुळ काढले. फुल्या मात्र या वेळी काढल्या नाहीत, मी होतेच. १२.२९. १२.३०. आम्ही दोघी वर ढगाकडे आणि खाली पेल्याकडे पाहत राहिलो. १२.३१ झाले. पेल्याला सावली नव्हती. टाकीलाही नव्हती, कठड्यालाही नव्हती, आम्हा दोघींनाही नव्हती. लेकीने गंभीरपणे सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाली, "आई, सगळ्याच गोष्टींची शून्य सावली! ढग असले की रोजच असते वाटतं." आणि मग आम्ही दोघी ज्या हसत सुटलो, त्या कठड्याला धरून खाली बसलो, तो तापलेला होता, म्हणून पुन्हा किंचाळून उठलो आणि पुन्हा हसलो. शेजारच्या इमारतीतून कोणीतरी पडदा बाजूला करून पाहिले. आम्ही थांबलो तिथेच. काही कारण नव्हते, क्षण तर निघून गेला होता. तिने मला कुरडयांमध्ये कोणती कुरडई कोणत्या देशाच्या नकाशासारखी आहे ते दाखवले. एक श्रीलंकेसारखी होती हे मला मान्य करावे लागले. दुसरी तिच्या मते जपान होती, पण ती नुसतीच तुटलेली होती.

१२ वाजून ४६ मिनिटांनी ढग फाटला. पेल्याच्या पूर्वेला नखाएवढी सावली पडली होती, कडा अगदी रेखीव. लेकीने उकिडवे बसून ती खडूने गिरवली, वेळ लिहिली आणि बोटावरची पांढरी भुकटी माझ्या चीक लागलेल्या मनगटावर उमटवली.

खाली आलो तेव्हा चिकाच्या गुठळ्या झाल्या होत्या. आईने एक शब्द न बोलता तीन वाट्या काढल्या होत्या, त्यात चीक, दूध, साखर आणि वर तिच्या सवयीप्रमाणे थोडी वेलची. गुठळ्या दाताखाली रबरासारख्या लागत होत्या. लेक मांडी घालून ओट्यावरच बसली, आणि आज तिला कोणी खाली उतर म्हटले नाही.

"दिसली का सावली?" आईने विचारले.

"नाही," लेक म्हणाली, "ढग होते."

"मग एवढा वेळ काय करत होतात दोघी वर?"

लेकीने माझ्याकडे पाहिले, मी तिच्याकडे. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात चीक लागला होता. तिने जरा विचार केला आणि वाटी आजीपुढे धरली. "अजून दे."